कढीपत्ता अर्धा आपला, अर्धा अळीचा

कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली, तर ती धुवून टाकायच्या आधी अर्धं मिनिट थांबा. काळपट तपकिरी रंग, मधे पांढरट पट्टा, वर ओलसर चमक. हुबेहूब शीट. पण बारीक काडीने अलगद स्पर्श केलात, तर एका टोकाकडून लालसर, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि आंबट-उग्र वास सुटतो. ही कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. शीट खायला कुणी येत नाही, म्हणून लहानपणी ती शिटेचं सोंग घेते. मोठी झाली की कात टाकून पानासारखी हिरवी होते आणि दिसेनाशी होते.

आमच्या घरामागे जेमतेम अर्धा गुंठा परस आहे. कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, अडुळसा, एक सीताफळ, कुंपणाला कोरांटी. कित्येक वर्षं मी या अळ्या काठीने खाली पाडत होते. मग एका रोपवाटिकेतून फवारणीची बाटली आणली आणि दर पंधरा दिवसांनी मारत गेले. पानं चकचकीत राहिली. दोन पावसाळे गेल्यावर एका दुपारी लक्षात आलं की परसात आवाजच नाही. शिंपी नाही, शिंजीर नाही, अडुळशावर एक माशी नाही. झाडं तीच होती, पण त्यांच्यावर कुणी राहत नव्हतं. तेव्हापासून जे वाचलं, पाहिलं आणि करून बघितलं, ते इथे सांगते.

पहिली गोष्ट समजली की बाकीच्या बऱ्याच आपोआप उलगडतात. फुलपाखरू फुलावर येतं ते मध प्यायला. पिवळा झेंडू असो, जांभळा तेरडा असो, जिथे मध मिळेल तिथे बसेल. पण बाळंतपणाला ते माहेरीच जातं. त्याचं माहेर म्हणजे एखादं ठरावीक झाड किंवा फार तर चार-सहा झाडांचं एक कुळ. मादी अंडं घालायच्या आधी पानावर बसून पुढच्या पायांनी टकटक करते. तिच्या पायांवर चव घेणारे सूक्ष्म केस असतात. पानातली रसायनं ओळखीची लागली, तरच ती पोट वाकवून एक अंडं चिकटवते आणि उडते.

एवढी निवड कशासाठी? झाडांना पळता येत नाही, म्हणून ती पानांत कडू, तिखट, विषारी द्रव्यं साठवतात. कढीपत्त्याचा जो वास आपल्याला फोडणीत हवाहवासा वाटतो, तो झाडाने किड्यांना दूर ठेवायला तयार केलेला आहे. रुईचा चीक तर हृदयावर परिणाम करणारं विष. लाखो वर्षांत एकेका जातीच्या अळीने एकेका कुळाचं विष पचवायची युक्ती साधली. त्या झाडावर तिला स्पर्धा कमी, पण दुसरं झाड तिला चालत नाही. रुईवर वाढणारी प्लेन टायगरची अळी तर ते विष अंगात साठवते आणि पुढे फुलपाखरू झाल्यावरही ते अंगात राहतं. म्हणून ते नारिंगी फुलपाखरू इतकं निवांत, सावकाश उडतं. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

याचा बागेसाठी अर्थ असा, की नुसती फुलं लावून फुलपाखरं येतात, टिकत नाहीत. माहेरचं झाड लावलं तरच ती तुमच्याकडे जन्मतात. आणि माहेरच्या झाडाची पानं कुरतडली जाणार. कुरतडलेलं पान म्हणजे बाग चालू असल्याची खूण.

आपल्याकडे ही झाडं शोधायला लांब जावं लागत नाही. महाराष्ट्राने २०१५ साली आपलं राज्य फुलपाखरू ठरवलं. असं फुलपाखरू जाहीर करणारं हे देशातलं पहिलं राज्य. ते म्हणजे ब्ल्यू मॉरमॉन, राणी पाकोळी. मखमली काळ्या पंखांवर फिकट निळ्या रंगाचे शिंतोडे, आणि आकार जवळजवळ तळहाताएवढा. तिच्या अळ्या लिंबाच्या कुळावर वाढतात, म्हणजे लिंबू, पपनस, रानातलं माकडलिंबू यांवर. परसात एक कागदी लिंबू असेल, तर सह्याद्रीच्या पट्ट्यात आणि कोकणात ही पाहुणी येण्याची शक्यता चांगली असते. बेलावरही याच घराण्यातल्या अळ्या सापडतात. सीताफळावर आणि कंपाउंडलगतच्या उंच अशोकावर हिरव्या ठिपक्यांचं टेल्ड जे अंडी घालतं. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, पावसात उगवणाऱ्या टाकळ्यावर त्याचं भावंड मॉटल्ड एमिग्रंट. एरंडावर कॉमन कॅस्टर. कण्हेरीवर कॉमन क्रो, आणि त्याचा कोष तर मुद्दाम शोधून पाहण्यासारखा असतो. पानाखाली लटकलेला, चांदीच्या पत्र्यासारखा, इतका लखलखीत की जवळ गेल्यावर त्यात आपलीच सावली हलताना दिसते.

पानफुटीची गोष्ट वेगळी आहे. ती मूळची मादागास्करची, पण इथल्या रेड पिएरो या चिमुकल्या लाल-काळ्या-पांढऱ्या फुलपाखराने तिला आपलं मानलं. त्याची अळी पानावर बसून खात नाही, पानाच्या आत शिरते. जाड, मांसल पानाची वरची आणि खालची साल तशीच ठेवून मधला गर खात पुढे सरकते. पान उजेडात धरलं, तर आतून हलणारी सावली दिसते. लहान मुलांना एकदा हे दाखवा.

आता पक्ष्यांकडे वळू, कारण धागा तोच आहे. पक्ष्यांसाठी आपण पटकन काय करतो? धान्य ठेवतो. चिमणी दाणे टिपते हे खरंच, पण तिची अंड्यातून नुकती बाहेर आलेली पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत. त्यांना मऊ, प्रथिनांनी भरलेलं खाणं लागतं, म्हणजे अळ्या, मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे), छोटे किडे. चिमणा-चिमणी दिवसभर तेच आणून भरवतात. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो, आणि त्यानिमित्ताने घराघरांत लाकडी घरटी टांगली गेली. चांगलं काम झालं. पण घरटं टांगलं, खाली दाणे ठेवले आणि झाडांवर मात्र औषध मारलं, तर चिमणीला घर मिळालं, पिल्लांना जेवण नाही. दयाळ, बुलबुल, शिंपी, वटवट्या, सगळ्यांचं हेच. शिंजीर एरवी जास्वंदीतला मध पितो, फूल खोल असेल तर देठाजवळ भोक पाडूनही पितो. पण पिल्लांच्या चोचीत तोही कोळी आणि किडेच घालतो.

कोळ्यांवरून आठवलं. शिंपीण दोन पानांच्या कडा जवळ आणून चोचीने भोकं पाडते आणि त्यातून धागा ओवते. तो धागा कुठून येतो? कापसाचे तंतू आणि कोळ्याचं जाळं. शिंजिराचं लोंबतं घरटंही कोळ्याच्या जाळ्यानेच बांधलेलं असतं. ते ताणतं, चिकटतं, पावसात सुटत नाही. घरातली जळमटं खुशाल काढा. पण परसातल्या, कुंपणातल्या जाळ्यांवर केरसुणी फिरवू नका. आमच्या अंजिराच्या एका पानाचा द्रोण झालेला मी वरून पाहिला आणि पान रोगट समजून तोडायला गेले, तेवढ्यात आतून सुईसारखी बारीक चोच वर आली. पानाच्या कडेला कापसाच्या सात-आठ गाठी होत्या, प्रत्येक ज्वारीच्या दाण्याहून लहान. पुढचे तीन आठवडे त्या बाजूला कपडे वाळत घातले नाहीत.

फवारणीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण गाडी इथेच अडते. मावा पडला की आपण घाबरतो. माव्याची मादी नराशिवाय थेट जिवंत पिल्लं घालते आणि ती पिल्लं आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः आया होतात. त्याला खाणारे ढालकिडे, सिरफिड माशीच्या अळ्या, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याच्या अळ्या मागून येतात, कारण आधी खाणं वाढायला हवं आणि मग खाणारे. या मधल्या आठ-दहा दिवसांत झाड वाईट दिसतं. नेमक्या त्याच वेळी आपण फवारतो. मावाही मरतो आणि नुकता पोहोचलेला ढालकिडाही. मग पुन्हा कोण आधी उठतं? जो भराभर वाढतो तो, म्हणजे मावा. आता त्याला खायला कुणी नाही. दुसऱ्या खेपेला तो जास्त येतो, आपण जास्त फवारतो, आणि झाड कायमचं बाटलीवर जगायला लागतं.

जैविक औषध असेल तर चालेल ना, असं मला नेहमी विचारतात. निंबोळी अर्क माणसाला सौम्य आहे, पण तो किड्यांची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो आणि त्या वेळी पानावर मावा आहे की राणी पाकोळीची अळी, हे त्याला कळत नाही. अळ्यांसाठीचं बीटी जिवाणू औषधही फुलपाखराच्या अळीला तेवढंच मारक. शेतकऱ्याचं पोट पिकावर असतं, त्याचा हिशेब वेगळा. पण परसबागेत माव्याने भरलेला शेंडा खुडून टाकणं, पाण्याचा जोरदार फवारा मारणं, पिठ्या ढेकूण ब्रशने पुसणं, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. बाकी थांबायचं. मी पहिल्या वर्षी थांबले, तेव्हा जास्वंदीचे दोन हंगाम वाया गेल्यासारखे वाटले. तिसऱ्यापासून झाडांनी आणि किड्यांनी आपसांत जमवून घेतलं.

मधमाश्यांविषयी एक गैरसमज फार आहे. मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं. आग्या, सातेरी, फुलोरी या पोळ्यात राहणाऱ्या. पण बहुतेक जाती एकट्या राहतात आणि त्या कुणाच्या मागे लागत नाहीत. गुलाबाच्या पानाला कंपासने आखल्यासारखे गोल काप दिसले, तर ते रोगाचं लक्षण नाही. पान कापणारी माशी ते तुकडे नेऊन पोकळ काडीत अंड्यासाठी खोल्या करते. मोठा काळा भुंगा वाळक्या लाकडात भोक पाडून राहतो. निळ्या पट्ट्यांची माशी मातीच्या जुन्या भिंतीत किंवा बांधात बीळ करते.

परसात वांगी, टोमॅटो असतील तर या दोघांचे उपकार मानावेत. वांग्याच्या फुलातला पराग मिठाच्या डबीसारखा बंद असतो, फक्त टोकाला बारीक भोकं. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी फूल पायांनी धरून पंखांचे स्नायू थरथरवतात, आणि पराग झरझर गळतो. सकाळी आठच्या सुमाराला वांग्याजवळ उभं राहा. माशी उडतानाचा आवाज एक, आणि फुलावर बसल्यावर अचानक चढणारा, तीक्ष्ण गुंजनाचा आवाज दुसरा. तो दुसरा आवाज म्हणजे पराग निघतोय. यांच्यासाठी काय करायचं? एखादी वाळलेली जाड फांदी तशीच राहू द्यायची, चार हात जमीन फरशीविना उघडी ठेवायची, आणि तुळस, अडुळसा, कोरांटी यांसारखी मधाची झाडं लावायची. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, काही राहू द्या.

फुलं निवडताना साधी, एकेरी पाकळ्यांची घ्या. दुहेरी जास्वंद किंवा भरगच्च पाकळ्यांचे संकरित प्रकार दिसायला देखणे असतात, पण त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. पराग नावाला, आणि मधापर्यंत सोंड पोहोचत नाही. घाणेरीवर फुलपाखरं झुंबड करतात हे खरं, पण ती अमेरिकेतून आली आणि तिची काळी फळं पक्षी रानात नेऊन टाकतात. सह्याद्रीच्या उतारांवर तिने खालचं गवत आणि झुडपं किती दाबली आहेत, ते कुठल्याही घाटात गाडी थांबवून बघता येतं. मी ती लावत नाही.

पालापाचोळा जाळू नका, ही विनंती मी भेटेल त्याला करते. देवराईत पडलेलं पान उचलायचं नाही, असा आपल्याकडे नियम होता. त्याच पानांच्या गादीत गोम, वाणी, गांडूळ, बेडूक राहतात, तिथेच काही पतंगांचे कोष असतात, आणि सातभाईंची टोळी येऊन पानं उलटीपालटी करत जेवते. परसाचा एक कोपरा असा ठेवता येतो. काजव्यांच्या अळ्या जमिनीवर राहतात आणि गोगलगाई खातात. मे-जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याच्या धरणाकडे, पुरुषवाडीकडे आपण गाड्या काढून जातो. गावाकडच्या घरामागे ओलसर, न झाडलेला कोपरा आणि रात्री अंधार असेल तर ते तिथेही दिसू शकतात. अंधाराची अट मात्र खरी आहे. नर काजव्याला मादीचा मंद उजेड दिसावा लागतो, आणि रात्रभर जळणाऱ्या पांढऱ्या दिव्यात तो दिसत नाही. रातराणीवर, पपईवर येणारे पतंगही त्याच दिव्याभोवती फिरून थकून मरतात. परसातला दिवा गरजेपुरता लावा.

पाणी ठेवा, पण डोळ्यांत तेल घालून. मातीचं उथळ परळ घ्या, त्यात दोन दगड ठेवा, म्हणजे माश्या-फुलपाखरांना बसायला जागा होते. बाजूला थोडी माती ओली ठेवलीत, तर नर फुलपाखरं तिथे क्षार शोषायला बसतात. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून रोज पाणी बदलायचं आणि आठवड्यातून एकदा भांडं काथ्याने घासायचं. नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात.

साप येतील, ही भीती खोटी नाही आणि ती हसण्यावारी नेऊ नये. साप बेडकांमागे आणि त्याहून जास्त उंदरांमागे येतो. उंदीर येतात सांडलेल्या धान्यामुळे, उघड्या कचऱ्यामुळे. म्हणून पालापाचोळ्याचा कोपरा घरापासून लांब, कुंपणाजवळ करायचा. भिंतीला चिकटून विटा, कौलं, लाकडं रचायची नाहीत. दाराच्या दोन-तीन पावलांत गवत कापलेलं ठेवायचं. रात्री परसात जाताना बॅटरी आणि पायात चप्पल. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं घरातल्या प्रत्येकाला ओळखता यावीत. धामण दिसली तर तिला जाऊ द्या, उंदरांचा बंदोबस्त तीच करते. ओळख पटत नसेल तर लांब थांबून सर्पमित्राला बोलवा, आणि दंश झाला तर वेळ न घालवता सरळ रुग्णालय गाठा.

कबुतरांना दाणे घालणं हे भूतदयेपोटी होतं, हे मला मान्य आहे. पण त्याने फक्त कबुतरंच वाढतात, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा करते. २०२५ मध्ये मुंबईच्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याच कारणाने. दाण्यांऐवजी एक झाड लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ज्यांच्याकडे परस नाही, फक्त फ्लॅटची गॅलरी आहे, त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. तीन कुंड्या पुरतात. एकीत कढीपत्ता किंवा लिंबू, दुसरीत पानफुटी, तिसरीत तुळस. फुलपाखराची मादी गंधाने वाट काढत चौथ्या मजल्यावरही पोहोचते. पहिली अंडी दिसायला एखादा पावसाळा जाईल. सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने त्यातल्या त्यात भरभराटीचे. कोष कधी झाडावर सापडतो, कधी कुंडीच्या कडेला, कधी कपड्यांच्या दांडीखाली. हिरव्या जागी हिरवा, काडीवर तपकिरी. त्याला कमरेभोवती रेशमाचा एक धागा असतो, तो तोडू नका. प्रत्येक कोषातून फुलपाखरू येईलच असं नाही. कधी एक बारीक भोक पडतं आणि त्यातून मुंगीएवढ्या परजीवी माश्या निघतात. पहिल्यांदा मला रडू आलं होतं. आता वाईट वाटतं, पण त्या माश्यांनाही जेवण लागतं हे समजतं.

आज सकाळी आमच्या कढीपत्त्यावर चार अळ्या आहेत. दोन शिटेसारख्या, दोन हिरव्या. खालच्या तीन फांद्यांच्या नुसत्या शिरा उरल्यात. पोह्यांसाठी मी पानं वरच्या फांदीची तोडली, उलटून नीट पाहिली, आणि एका पानाखाली मोहरीहून लहान, फिकट पिवळं अंडं दिसलं, तेवढं पान परत फांदीच्या बेचक्यात, एका कोवळ्या पानाला टेकवून अडकवून ठेवलं.